आधी शॉकअप का आधी अलॉय? कोल्हापूरच्या रस्त्यांवरचा हिशेब

भाच्यानं दिवाळीत सेकंडहँड स्विफ्ट घेतली. २०१५ चं मॉडेल, व्हीएक्सआय, ऐंशी हजार किलोमीटरच्या वर फिरलेली. गाडी दारात आली त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला, "मामा, सोळाचे अलॉय बघून ठेवलेत. काळे, डायमंड कट. नाद खुळा दिसतंय. टाकू का?"

मी म्हटलं, "स्पीडब्रेकरवरनं जाताना पुढनं खटखट येतीय का, ते सांग आधी."

जरा वेळ गप्प. मग, "येतीया की थोडी. पण तेवढं चालतंय न्हवं?"

चालत नाही. का चालत नाही हे त्याला समजावताना वहीच्या पानावर जे उतरवून दिलं, तेच इथे नीट मांडतोय. पहिल्यांदाच गाडीवर पैसे घालायला निघालेल्यांसाठी आहे हे. ज्यांचे हात ग्रीसनं आधीच काळे झालेत, त्यांनी टायरच्या आकड्यांपर्यंत सरळ खाली जावं.

गाडीखाली काय काय असतं

सस्पेन्शन म्हटलं की डोळ्यांपुढं शॉकअप येतो. पण गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, ते पेलते स्प्रिंग. शॉकअपचं काम स्प्रिंगला आवरायचं. खड्ड्यातून वर आलेली गाडी तीन-चारदा नाचू नये, एका हेलकाव्यात बसावी, एवढ्यासाठी तो असतो. स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी, टियागो या वर्गातल्या गाड्यांना पुढं मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबावर. मागं पीळ खाणारा आडवा बीम. बाकी लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा), त्यातले रबरी बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, स्टेअरिंगकडचा रॅक एंड आणि स्ट्रटच्या डोक्यावरचं माउंटिंग. खटखट बहुतेक वेळा या चिल्लर सामानातून येते. चिल्लर म्हणतोय ते किमतीला, कामाला नव्हे.

चाकाच्या बाजूला दोन वेगळ्या वस्तू आहेत: रिम आणि टायर. रिम लोखंडी डिस्क असेल नाहीतर अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. या दोन्हींना मिळून 'चाकं' म्हणून एकच खर्च धरणं, तिथंच नवख्याचा हिशेब चुकतो. अख्खी गाडी रस्त्याला धरून असते ती टायरच्या पंज्याएवढ्या चार ठिगळांवर. रिम त्या ठिगळाला फक्त आकार देते.

म्हणजे प्रश्न 'सस्पेन्शन का व्हील' असा दोन गोष्टींचा नाहीच. चार गोष्टी आहेत: झिजलेलं सस्पेन्शन दुरुस्त करणं, टायर, सस्पेन्शन बदलून वेगळं काही करणं, आणि अलॉय. माझ्या मते आपल्या भागात क्रमही हाच. पुढं त्याची कारणं येतात, आणि हा क्रम कधी मोडावा तेही येतं.

पहिली पायरी: पैसे खिशात, गाडी जॅकवर

सकाळी गाडी गार असताना चारही टायरची हवा बघा. किती हवी तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. पंपावरच्या पोराला विचारू नका, तो सगळ्यांना एकच आकडा सांगतो. हवा कमी-जास्त असेल तर पुढची एकही तपासणी खरी निघणार नाही.

मग प्रत्येक कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी दाबा आणि सोडा. वर येऊन बसली तर ठीक. वर, खाली, पुन्हा वर असं करत राहिली तर त्या कोपऱ्यातला शॉकअप गेला. मात्र बसली म्हणून शॉकअप चांगलाच, असंही नाही. अर्धा गेलेला शॉकअप या परीक्षेत पास होतो. म्हणून वाकून त्याच्या नळीवर तेल आलंय का बघा. नुसती धूळ चिकटलेला ओलसर पट्टा असेल तर थांबता येतं, खाली ओघळ आला असेल तर नाही.

पुढचं चाक जॅकवर उचला, जॅकच्या शेजारी आधाराला स्टँड ठेवा, आणि टायर वर-खाली धरून, म्हणजे घड्याळाच्या बारा आणि सहावर, हलवा. खेळ लागला तर व्हील बेअरिंग नाहीतर बॉल जॉइंट. मग तीन आणि नऊवर धरून हलवा. इथे खेळ लागला तर टायरॉड एंड नाहीतर रॅक एंड, म्हणजे स्टेअरिंगचे सांधे. हे करताना गाडीखाली शिरायचं नाही. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली झोपणारे मिस्त्री पाहिलेत मी. तेवढं धाडस आपण करू नये.

आता टायरच्या पृष्ठभागावरून तळहात फिरवा, आधी एका दिशेनं, मग उलट. एकीकडं गुळगुळीत आणि उलटीकडं करवतीसारखं लागलं तर टो (वरून बघितल्यावर चाकाची पुढची बाजू किती आत-बाहेर वळलीय ते) बिघडलाय. ठिकठिकाणी खळगे लागले तर शॉकअप चाकाला जमिनीवर धरून ठेवत नाही. फक्त आतली कड झिजलीय? कॅम्बर (समोरून बघितल्यावर चाक किती आत-बाहेर कललंय ते), टो किंवा थकलेला बुश. गॅरेजच्या भाषेत 'गाडी टायर खाते' म्हणतात ते हेच, आणि काय बिघडलंय ते टायरच सांगत असतं.

शेवटी गाडी चालवून बघा. एकाच रस्त्यावर सगळं कळत नाही, म्हणून तीन रस्ते घ्या. शहरात रंकाळ्याकडून फुलेवाडीकडं जाताना स्पीडब्रेकर आणि खड्डे पोटभर मिळतात. काच खाली, टेप बंद, आणि कुठल्या कोपऱ्यातून आवाज येतो ते ऐका. पन्हाळ्याच्या चढावर वळणात गाडी किती कलते आणि कलल्यावर किती लवकर सरळ होते ते बघा. आणि तावडे हॉटेलपासून किणी टोलनाक्याच्या दिशेनं महामार्गावर ऐंशी ते शंभरचा वेग. या वेगात स्टेअरिंग थरथरलं तर बहुधा पुढच्या चाकाचं बॅलन्सिंग, सीटखाली थरथर जाणवली तर मागच्या. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर ब्रेकची डिस्क तपासा, त्याचा या लेखाशी संबंध नाही.

जे आढळलं ते कागदावर लिहा. गॅरेजात शिरताना हातात कागद असला की बोलणं वेगळं होतं.

दुसरी पायरी: आहे ते ठाकठीक करा

यात दाखवायला काही नसतं, म्हणून इथेच लोक टाळाटाळ करतात. नवे बुश टाकले म्हणून चौकात कुणी वळून बघत नाही. पण ऐंशी हजार किलोमीटर फिरलेल्या गाडीत 'अपग्रेड' म्हणून सर्वांत जास्त फरक याच कामानं पडतो. नव्या गाडीचं शोरूमवालं सस्पेन्शन कसं होतं हे आपण विसरलेलो असतो, आणि सेकंडहँड घेणाऱ्यानं तर ते कधी अनुभवलेलंच नसतं.

आणि आधीच का, त्याचं कारण पैशाचं आहे. बुश, बॉल जॉइंट, पुढचे शॉकअप, रॅक एंड यांपैकी काहीही बदललं की अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, पुन्हा करावी लागते. नुसती चाकं बदलली तर बॅलन्सिंग लागतं, अलाइनमेंट बिघडत नाही. म्हणजे आधी टायर टाकले आणि खालचं थकलेलं सामान तसंच ठेवलं, तर नवे टायर झिजायला पहिल्या दिवसापासून सुरुवात. मी हे करून बसलोय. जुन्या गाडीला चार नवेकोरे टायर घातले, लोअर आर्मचे बुश "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून सोडले. पुढचा महिना आला तो आठ हजार किलोमीटरनंतर, आणि तोवर पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड तुळतुळीत. बुशांच्या खर्चाच्या कितीतरी पट पैसे टायरांत गेले.

उद्यमनगरातल्या गॅरेजात असो वा तुमच्या गल्लीच्या तोंडावर, काम देताना या गोष्टी सांगून टाका. शॉकअप जोडीनं बदलायचे; पुढचे दोन किंवा मागचे दोन. एकच बदलला की गाडी दोन बाजूंना दोन तऱ्हेनं वागते. स्ट्रट उतरवलाच आहे तर माउंटिंग आणि बंप स्टॉपही (शॉकअप तळाला आपटू नये म्हणून असलेलं रबर) बघा, कारण मजुरी तीच, सामान फक्त वाढतं. स्प्रिंग दाबायला कंप्रेसर वापरायचा. दोरी-तारेनं बांधून स्प्रिंग सोडणाऱ्याकडून काम करून घेऊ नका, ती सुटली तर जीव जाऊ शकतो.

आणि एक गोष्ट, जी विचारल्यावर निम्मे मिस्त्री हसतात आणि निम्मे "हे कुठनं कळलं तुम्हाला" म्हणून बघतात. लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, हवेत लटकलेली असताना नव्हे. लटकलेल्या अवस्थेत आवळले तर गाडी खाली उतरल्याबरोबर रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश अकाली फाटतो. 'एवढ्यात कसा गेला? सामान डुप्लिकेट होतं' असं आपण म्हणतो, दोष सामानाचा नसतो.

अलाइनमेंटला गेलात की आधीच्या आणि नंतरच्या मापांचा छापील कागद मागा. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढं फक्त टो बसवता येतो, कॅम्बरला सहसा सोयच नसते. तरीही "कॅम्बर आऊट आहे, करून देतो, बाजूला एवढे पडतील" असं ऐकायला मिळतं. ते 'करून देणं' म्हणजे पुष्कळदा हायड्रॉलिक जॅकनं स्ट्रट वाकवणं असतं. मापाच्या कागदावर आकडा बरोबर येतो आणि स्ट्रटचा जीव जातो. कॅम्बर खरंच बाहेर असेल तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय. ते शोधून बदला.

तिसरी पायरी: टायर, आणि टायरवरचे आकडे

भाच्याच्या गाडीला कंपनीनं दिलेलं माप आहे १६५/८० आर १४. यातलं १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे रबराच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. १४ म्हणजे रिमचा व्यास इंचात. याच स्विफ्टच्या वरच्या, महागड्या झेडएक्सआय मॉडेलला माप येतं १८५/६५ आर १५.

हिशेब करून बघा. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर, त्यात दोन भिंतींचे २६४ मिळवले की अख्ख्या चाकाचा व्यास जवळपास ६२०. झेडएक्सआयच्या मापाचा व्यास साधारण ६२१. फरक दीड-दोन मिलिमीटरचा. म्हणून कंपनी दोन्ही देऊ शकते. स्पीडोमीटर, गिअर, एबीएस यांना फरक कळत नाही. सोळा इंचाला १९५/५५ आर १६ घेतलं तरी व्यास ६२१ च्या आसपास. मग बदललं काय? भिंत. चौदाला १३२, पंधराला १२०, सोळाला १०७ मिलिमीटर. सतराला २०५/४५ घातलं तर ९२.

भाच्यानं पसंत केलेल्या सोळाच्या अलॉयमध्ये चौदापेक्षा रबराची एक इंच भिंत कमी होते. खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा रिमच्या कडेला वाचवणारं बाकी काही नसतं, ही भिंतच असते. आता आपले रस्ते आठवा. पावसाळ्यात पाण्यानं भरलेला खड्डा वीतभर आहे का हातभर ते आत गेल्यावरच कळतं. गगनबावड्याकडं जाताना तर पाऊस आणि धुकं दोन्ही. ऊस तोडणीच्या हंगामात कारखान्यांच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉलींनी कडा फोडलेल्या असतात, आणि समोरून दोन ट्रॉल्यांची आगगाडी आली की आपण डांबरावरून खाली उतरतो. तिथून परत वर चढताना रस्त्याची कड टायरच्या भिंतीलाच लागते.

म्हणून माझा नियम सरळ आहे: आपल्या मॉडेलच्या सर्वांत महागड्या व्हेरियंटला कंपनी जे माप देते, तिथंच थांबायचं. त्याच्या पुढचं एक इंच फक्त डोळ्यांसाठी असतं.

व्यास मूळ मापापेक्षा दोन-अडीच टक्क्यांहून जास्त बदलू देऊ नका. दुकानात 'भरीव दिसतो' म्हणून १९५/६० आर १६ दाखवतील; त्याचा व्यास ६४० होतो, तीन टक्क्यांहून अधिक. गाडी चढाला आळसट होते, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो, आणि स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत घासू शकतो.

मापाच्या शेजारी ८५एस, ८८एच असं काहीतरी असतं. आकडा वजनाचा: ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०. अक्षर वेगाचं: एस १८०, टी १९०, एच २१०. नव्या टायरचा आकडा मूळ आकड्यापेक्षा कमी चालणार नाही. कोकणात पाच माणसं, बॅगा आणि येताना आंब्याच्या पेट्या, असा ज्यांचा प्रवास असतो त्यांनी इथे तडजोड करूच नये. सीएनजीची टाकी मागं असेल तर एक माणूस कायमचा डिकीत बसलाय असं समजा.

टायर घेताना भिंतीवरचा चार आकडी शिक्का वाचा. ०८२४ म्हणजे २०२४ च्या आठव्या आठवड्यात बनलेला. सवलतीत मिळणारा टायर दोन-तीन वर्षं गोदामात पडून असला तर ती सवलत नव्हे. उलट, गाडीवर असलेल्या टायरला चांगली नक्षी उरलीय पण वय सहाच्या पुढं गेलंय आणि भिंतीवर बारीक चिरा दिसतायत, तर नक्षीकडं बघू नका. कायद्यानं नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी, पण आपल्या पावसात तीनच्या खाली गेली की पाण्यावर टायर तरंगायला लागतो. जून लागायच्या आधी बदला.

चौथी पायरी: सस्पेन्शन बदलायचं, पण कशासाठी?

दुसरी आणि तिसरी पायरी झाल्यावर एक महिना गाडी चालवा. खूप जणांचा प्रवास इथेच संपतो, कारण गाडी आता बरी वाटायला लागलेली असते. अजूनही काही हवं असेल तर नेमकं काय हवं ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

"वळणात कलते." मग चांगल्या दर्जाचे, जरा कडक, म्हणजे स्प्रिंगला जास्त आवरणारे शॉकअप मूळ उंचीच्या स्प्रिंगवर. आंबा किंवा फोंडा घाटातून नियमित जाणाऱ्याला याचा उपयोग आहे. मागच्या सीटवर आई-वडील असतील तर आधी त्यांना विचारा.

"खाली हवी." माझं मत विचाराल तर आपल्याकडं नको. स्पीडब्रेकरांची उंची कुणी मोजून बांधत नाही. तरीही करायचीच असेल तर त्या गाडीसाठी बनवलेल्या स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअप, दोन्ही एकत्र. स्प्रिंग कापायची नाही. कापली की वेटोळी कमी होतात आणि उरलेली स्प्रिंग जास्त कडक होते. वर कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. मूळ शॉकअपला ती आवरत नाही, आणि गाडी खाली होते खरी, पण उड्या मारते.

"वर हवी, खाली घासते." यावर दुकानात लगेच मिळणारा उपाय म्हणजे स्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकवायचे रबरी बफर. स्वस्त आहेत, दहा मिनिटांत बसतात, म्हणून विकले जातात. पण ज्या वेटोळ्यांत ते बसतात ती काम करायची थांबतात, म्हणजे परिणाम कापलेल्या स्प्रिंगसारखाच, फक्त उंची वाढवून. वर सगळा ताण शेजारच्या वेटोळ्यांवर. गाडी घासत असेल तर आधी मागच्या स्प्रिंगा बसल्यात का ते मोजा: सपाट जागी, गाडी रिकामी, चाकाच्या मध्यापासून वर पंख्याच्या, म्हणजे चाकावरच्या मडगार्डच्या, कडेपर्यंत. डाव्या-उजव्यात किंवा त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीपेक्षा बराच फरक आला तर नव्या मूळ स्प्रिंगा हाच इलाज.

उंची बदलणार असाल तर ते अलॉयच्या आधीच करा. गाडी तीस मिलिमीटर खाली आली की टायर आणि पंखा यांच्यातली जागा बदलते, कॅम्बर बदलतो. आधी घेतलेली रिम मग घासायला लागते, आणि ती घरात ठेवताही येत नाही, परतही होत नाही.

पाचवी पायरी: अलॉय

आता भाच्याचा विषय. रिम निवडताना रंगाआधी चार आकडे बघायचे. पीसीडी, म्हणजे बोल्ट किती आणि ते कुठल्या व्यासाच्या वर्तुळावर. स्विफ्टला चार बोल्ट आणि १०० मिलिमीटर. मधलं छिद्र, स्विफ्टच्या हबचा व्यास ५४.१. रिमचं छिद्र मोठं असेल तर फट भरायला हब रिंग लागते, नाहीतर चाक बोल्टांवर अंदाजानं मध्यात येतं आणि कितीही बॅलन्सिंग केलं तरी थरथर जात नाही. तिसरं, रुंदी. आणि चौथं ऑफसेट, रिमवर 'ईटी' या अक्षरांपुढं लिहिलेलं. मूळ रिम ईटी ४५ असेल आणि नवी ३५, तर चाक प्रत्येक बाजूला एक सेंटिमीटर बाहेर येतं. दिसायला रुबाबदार, पण बेअरिंगवरचा ताण वाढतो, स्टेअरिंग खड्ड्यात हिसके मारतं आणि पंख्याबाहेर आलेलं चाक सगळा चिखल दारांवर उडवतं.

अलॉय म्हणजे हलकं, हा समज सरसकट खरा नाही. स्वस्त ओतीव अलॉय मोठ्या मापात लोखंडी डिस्कपेक्षा जड निघू शकते. चाक हे स्प्रिंगच्या खालचं वजन. ते जितकं जास्त, तितकं चाक खड्ड्यामागून खड्डा धरायला उशीर करतं, आणि शॉकअपचं काम वाढतं. म्हणजे सस्पेन्शनवर केलेला खर्च जड रिम टाकून आपणच थोडा वाया घालवतो. दुकानात साधा वजनकाटा मागा आणि जुनी डिस्क, नवी रिम दोन्ही तोला. विचित्र नजरेनं बघतील. बघू देत.

ज्या गावात शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत फौंड्र्या आहेत, त्या गावाला ओतकामातलं ब्लो होल काय असतं ते मी सांगायला नको. बीड (ओतीव लोखंड) असो वा ॲल्युमिनियम, आत हवेचा फुगा राहिला की जोर तिथंच तुटतो, आणि वरच्या रंगातून तो दिसत नाही. म्हणून रिमच्या मागच्या बाजूला वजनक्षमता ओतलेली आहे का, आयएसआय चिन्ह किंवा जपानी चाचणीची जेडब्ल्यूएल ही अक्षरं आहेत का, ते बघा. काहीच नसेल तर ठेवून द्या, कितीही देखणी असली तरी. तडा गेलेली अलॉय वेल्डिंग करून 'नव्यासारखी' विकतात, तीही नको. लोखंडी डिस्क वाकते आणि ठोकून सरळ होते. अलॉय एकतर सहन करते नाहीतर तडकते.

एक युक्ती. काही हौशी लोक नवीन गाडी घेतली की महिन्याभरात कंपनीचे अलॉय काढून मोठे टाकतात. त्यांच्या काढलेल्या रिम्स बाजारात येतात: मूळ मापाच्या, कंपनीच्या चाचणीतून गेलेल्या, जेमतेम वापरलेल्या. दुसऱ्याच्या नादाचा आपल्याला फायदा. फक्त बॅलन्सिंगच्या मशीनवर रिकामी फिरवून लचक आहे का ते बघून घ्या.

क्रम उलटा कधी?

खालचं सामान तपासणीत ठणठणीत निघालं आणि टायर मात्र संपलेत, तर अलॉय आत्ताच घ्या. टायर उतरवणं-चढवणं एकदाच होतं. डिस्क वाकल्यात किंवा गंजून हवा सोडतायत, तरीही तेच. मोठे ब्रेक टाकायचे असतील तर चाक आधी, कारण कॅलिपर (ब्रेकची डिस्क पकडणारा भाग) आत मावला पाहिजे. आणि गाडी वॉरंटीत असेल तर सस्पेन्शनला हातच लावू नका. खटखट आली तर सर्व्हिस सेंटरला दाखवून जॉब कार्डावर लिहून घ्या.

कागदपत्रांचं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या नोंदींशी विसंगत होईल असा बदल मालकानं करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. कंपनीनं त्याच मॉडेलला दिलेलं माप वापरण्यात म्हणूनही शहाणपण आहे. अलॉय बसवले की विमा कंपनीला लेखी कळवा आणि बिल जपा. नाहीतर अपघातानंतर भरपाई लोखंडी डिस्कची मिळेल.

बसवायच्या दिवशी

हबवरचा गंज ब्रशनं घासून काढायला लावा. नट आधी हातानं सुरू करायचे, मग चांदणीच्या क्रमानं, म्हणजे एकानंतर समोरचा, आणि शेवटची आवळणी टॉर्क पान्यानं. छोट्या गाड्यांना साधारण ८० ते ११० न्यूटन-मीटर लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत आहे. हवेच्या गननं धडाधड आवळून "झालं मालक" म्हणणाऱ्याला थांबवा. नटाची बैठक शंकूची आहे का गोल, ती रिमशी जुळते का, हेही तेव्हाच बघा. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळणी तपासायची. अलॉयवर नट जरा बसतात.

भाच्यानं शेवटी काय केलं? पुढचे लोअर आर्म बुश, दोन्ही लिंक रॉड, एक माउंटिंग. खटखट गेली. मागचे शॉकअप अजून चांगले निघाले, ते तसेच ठेवले. टायरांचं वय सात वर्षं होतं, म्हणून कुणाच्या तरी झेडएक्सआयचे काढलेले पंधराचे अलॉय आणि त्यांवर नवे १८५/६५. काळे नाहीत, डायमंड कट नाहीत. आठवडाभर तोंड वाकडं होतं, मग राधानगरीला जाऊन आला आणि विषय काढला नाही.

स्टेपनी मात्र चौदाची लोखंडीच आहे. व्यास जवळजवळ सारखाच, त्यामुळे पंक्चर झालं तर घरापर्यंत आणते. फक्त तिचे मूळ नट डिकीत पिशवीत ठेवायचे, कारण अलॉयचे नट लोखंडी डिस्कला धरतीलच असं नाही. बाकीच्या चार जुन्या डिस्का माळ्यावर आहेत. भंगारवाला दोनदा विचारून गेलाय. गाडी विकायची वेळ येईल तेव्हा त्या परत बसवायच्या आणि अलॉय वेगळे विकायचे, म्हणून मी त्याला वाटेला लावलं.